नाव, तबकडी आणि यंत्र : आपल्याकडील मनगटी घड्याळांच्या नमुन्यांची ओळख

१

आपल्याकडे घड्याळाचा इतिहास म्हणून जे लिहिले जाते तो बहुधा कालगणनेचा इतिहास असतो. घटिकापात्र, साठ घटकांची अहोरात्र, वेधशाळा आणि मग एकदम रेल्वेची प्रमाणवेळ, अशा क्रमाने तो पुढे सरकतो. घड्याळ ही वस्तू कोणी घडविली, कोणाला विकली, कोणत्या नावाने विकली, आणि एकाच कंपनीच्या अनेक नमुन्यांतून एक नमुना दुसऱ्यापासून वेगळा ओळखण्याची विद्या गिऱ्हाइकाने व घड्याळजीने कशी संपादन केली, हे प्रश्न त्या इतिहासात क्वचितच उपस्थित होतात. प्रस्तुत लेखात या शेवटच्या प्रश्नाचा विचार करण्याचे योजिले आहे.

हा प्रश्न केवळ हौशी संग्राहकांचा आहे, असे प्रथमदर्शनी वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तसे नाही. ज्या वस्तूंची दप्तरे उपलब्ध नाहीत किंवा विखुरली आहेत, त्यांच्या बाबतीत वस्तू हेच दप्तर असते. ते वाचता आले नाही तर इतिहास लिहिता येत नाही; आणि चुकीचे वाचले तर चुकीचा इतिहास लिहिला जातो. विवेचनाच्या सोयीसाठी येथे तीन कारखानदारांपुरती मर्यादा घातली आहे : मुंबई व कलकत्ता येथून व्यापार करणारी वेस्ट एंड वॉच कंपनी, मुंबईत दीर्घकाळ पेढी चालविणारी फेवर-ल्यूबा, आणि स्वातंत्र्योत्तर काळातील हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजे सर्वांच्या परिचयाची एच. एम. टी. लेखाचा निष्कर्ष आरंभीच सांगतो. घड्याळावर जे सर्वांत प्रथम वाचले जाते, त्यावर नमुना ठरविताना सर्वांत शेवटी विश्वास ठेवावा.

२

नागपूरच्या वाचकाला या विषयाची निकड समजण्यासाठी दूर जावयाचे कारण नाही. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपुरास येऊन पोहोचली. सूर्यावरून मोजली तर नागपूरची स्थानिक वेळ मुंबईच्या सुमारे पंचवीस मिनिटे पुढे आणि मद्रासच्या सुमारे पाच मिनिटे मागे पडते. रेल्वेने मद्रासची वेळ स्वीकारली. पुढे १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तेव्हा नागपूरचा मध्यान्ह घड्याळातल्या बारापासून सुमारे चौदा मिनिटे दूर गेला. मुंबईने तर आपली स्वतंत्र वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. तात्पर्य, मुंबईहून नागपुरास येणाऱ्या माणसाला निरनिराळ्या काळी निरनिराळे हिशेब करावे लागत. आकाशाकडे पाहून गाडी गाठणे अशक्य झाले, आणि घड्याळ ही श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली शोभेची वस्तू न राहता कामकाजाची गरज बनली.

गरज वाढली की गिऱ्हाइकांचे प्रकार वाढतात, आणि गिऱ्हाइकांचे प्रकार वाढले की नमुन्यांचे प्रकार वाढतात. फेवर-ल्यूबा या घराण्याचे मूळ स्वित्झर्लंडमधील ल लोक्ल या गावी १७३७ पर्यंत मागे नेले जाते. हिंदुस्थानशी त्याचा व्यापारी संबंध १८६५ पासूनचा. वेस्ट एंड वॉच कंपनी आपला आरंभ १८८६ पासून मानते. तिची घड्याळे सेंट इमिये येथील कारखानदारीतून येत आणि तिच्या अनेक तबकड्यांवर 'बॉम्बे' व 'कलकत्ता' ही दोन शहरे छापलेली असत. त्याच सेंट इमिये गावातील लाँजिन्स या विख्यात कारखान्याची यंत्रेही वेस्ट एंडच्या जुन्या घड्याळांत आढळतात. म्हणजे तबकडीवर एका पेढीचे नाव आणि आत दुसऱ्या कारखान्याचे यंत्र, ही स्थिती या व्यापारात अगदी प्रारंभापासून होती. तीत फसवणूक नव्हती. धंद्याची ती रूढ रीत होती. परंतु नाव आणि वस्तू यांचे नाते सरळ नाही, हा पहिला धडा अभ्यासकाने येथेच घ्यावयाचा असतो.

३

आता नावांकडे वळू. वेस्ट एंडच्या नमुन्यांत 'क्वीन अ‍ॅन', 'मॅचलेस', 'सेकंडस' अशी इंग्रजी व लॅटिन नावे आहेत. त्यांच्याच रांगेत 'सोवार' आणि 'सिलिदार' ही नावे येतात. मराठी वाचकाने रोमन अक्षरांच्या पलीकडे पाहिले तर आपले 'स्वार' आणि 'शिलेदार' हे शब्द त्याला तत्काळ ओळखू येतील.

या दोन शब्दांची व्युत्पत्ती येथे अप्रस्तुत नाही. 'सवार' हा शब्द प्राचीन इराणी भाषेतील 'असबार' या रूपापर्यंत मागे जातो. घोड्याने वाहिलेला तो सवार. त्यातील पहिला घटक संस्कृत 'अश्व' या शब्दाचा सगोत्र आहे. 'शिलेदार' हा 'सिलाह' म्हणजे शस्त्र या अरबी शब्दाला 'दार' हा फारसी प्रत्यय लागून बनलेला आहे. मराठ्यांच्या फौजेत, आणि अर्थातच नागपूरकर भोसल्यांच्या फौजेतही, ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर आणि जो स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन चाकरीस येई तो शिलेदार, असा स्पष्ट भेद होता. ब्रिटिशांनी हिंदी घोडदळाच्या अनेक पलटणींत हीच पद्धत चालू ठेवली. पहिल्या महायुद्धानंतर ती बंद पडली. स्वतःच्या पदरचे साहित्य घेऊन चाकरी करणारा हा वर्ग. त्याच्या मनगटावर बांधावयाच्या वस्तूला त्याचेच नाव देणाऱ्या व्यापाऱ्याने आपले गिऱ्हाईक नीट हेरले होते, असे म्हणावयास हरकत नाही. 'सोवार' या नावाला पुढे 'प्रिमा' हे लॅटिन विशेषण जोडले गेले आणि 'सोवार प्रिमा' हा नमुना लोकप्रिय झाला. धक्क्यापासून यंत्राचे संरक्षण करणारी 'इन्काब्लॉक' ही योजना १९३४ मध्ये वेस्ट एंडने स्वीकारली. ती प्रथम स्वीकारणाऱ्यांत या कंपनीची गणना होते. घोड्यावरच्या गिऱ्हाइकाला धक्का सोसणारे घड्याळ हवे, हे वेगळे सांगावयास नको.

फेवर-ल्यूबाची नावे निराळ्या जगातून आलेली आहेत : 'सी चीफ', 'सी किंग', 'डीप ब्लू', 'बिवॅक'. समुद्र, खोली, गिर्यारोहकाचा मुक्काम अशा साहसी जीवनाच्या या कल्पना होत. यांपैकी 'बिवॅक' हे १९६२ चे घड्याळ नावाला जागणारे होते. हवेच्या दाबावरून उंची दाखविणारे यंत्र त्यात बसविलेले होते. उलट 'सी चीफ' हे साधे चावीचे घड्याळ. ते बांधणाऱ्या आपल्याकडील कारकुनाचा, शिक्षकाचा किंवा वकिलाचा समुद्राशी संबंध येण्याचा प्रसंग विरळा. येथे नाव वस्तूचा गुण सांगत नाही, बांधणाऱ्याची आकांक्षा सांगते.

तिसरा थर स्वातंत्र्यानंतरचा. परकीय चलनाच्या टंचाईमुळे घड्याळांच्या आयातीवर कडक निर्बंध आले. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोर येथे घड्याळांचा कारखाना उभारला, आणि १९६१ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते पहिली घड्याळे बाहेर पडली. या कारखान्याची नावे पाहावी : 'जनता', 'जवान', 'पायलट', 'सुजाता', 'कोहिनूर', 'सोना', 'रजत', 'कांचन'. 'जवान' हा शब्दही 'सवार'प्रमाणेच फारसी. परंतु सवार हा साम्राज्याच्या घोडदळातला, तर जवान हा प्रजासत्ताकाच्या सैन्यातला. शब्दांचे मूळ एका भाषेत असूनही त्यांच्यामागील राज्यसंस्था बदललेली आहे.

फारसी-अरबी, इंग्रजी आणि संस्कृत हे मराठी शब्दसंपत्तीचे तीन परिचित थर घड्याळांच्या तबकड्यांवरही असे क्रमाने उमटलेले दिसतात. मात्र हे तीन थर भाषेत जसे एकमेकांत मिसळतात तसे येथेही मिसळले आहेत. 'पायलट' व 'कोहिनूर' ही एच. एम. टी.ची नावे त्याची साक्ष होत. म्हणून केवळ नावाच्या भाषेवरून काळ ठरविण्याचा मोह टाळावा.

४

नावे इतकी बोलकी असताना त्यांवर विश्वास का ठेवू नये, असा प्रश्न येथे सहज उपस्थित होईल. त्याचे उत्तर भाषाशास्त्रातील एका सामान्य उदाहरणाने देता येईल. मराठीत 'जग' हा शब्द लिहिला की तो दोन प्रकारे वाचता येतो. तालव्य 'ज' घेतला तर अर्थ विश्व. दंततालव्य 'ज' घेतला तर अर्थ 'जिवंत राहा'. लिपी दोहोंत भेद करीत नाही; जाणता कान करतो. घड्याळाची तबकडी ही अशीच लिपी आहे. 'सी चीफ' ही अक्षरे फेवर-ल्यूबाने दीर्घकाळ वापरली आणि त्यांच्या आड सर्व काळ एकच यंत्र नव्हते. लिहिलेले नाव एक आणि वस्तू अनेक, अशी ही स्थिती होय.

ट्रुबेट्स्कॉय यांच्या १९३९ मधील ध्वनिविचारविषयक ग्रंथाने आपल्याला शिकविले की, ध्वनीचे मूल्य त्याच्या सर्व गुणांच्या बेरजेत नसते. इतर ध्वनींपासून त्याला वेगळे करणाऱ्या गुणांत असते. या व्यवच्छेदक लक्षणांची कल्पना नमुन्यांच्या ओळखीस तंतोतंत लागू पडते. उदाहरणार्थ, 'सतरा ज्वेल' हा शब्दप्रयोग एके काळी घड्याळाच्या प्रतिष्ठेचा पुरावा मानला जाई. परंतु चावीच्या चांगल्या घड्याळांत सतरा ज्वेल हे सर्वसामान्य प्रमाण होते. सी चीफमध्येही सतरा आणि जनतामध्येही सतरा. जो गुण सर्वांत आहे तो कोणालाच ओळखून देत नाही. नवशिक्याचे लक्ष नेमके अशा सामान्य गुणांवर खिळते, आणि जाणत्याचे लक्ष दोन नमुन्यांत जेथे फरक आहे त्या एका जागी जाते.

एच. एम. टी.चे 'सोना' आणि 'कांचन' ही जोडी या दृष्टीने उद्बोधक आहे. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच. 'कांचन' हा तत्सम. 'सोना' हा हिंदीतील तद्भव, मराठी 'सोने' याचा भाऊ. अर्थाने समान असलेले हे शब्द कारखान्याने दोन भिन्न वस्तूंना दिले : 'सोना' हे पातळ बांध्याचे, रोज चावी द्यावयाचे घड्याळ; 'कांचन' हे वार व तारीख दाखविणारे, हाताच्या हालचालीने आपोआप चावी घेणारे घड्याळ. लग्नात जावयाला देण्याच्या वस्तूंत कांचनला जो मान होता तो त्या पिढीतील वाचकांना आठवत असेल. भाषेत जे पर्याय होते ते बाजारात विरोधी पदे झाले. हा विरोध शब्दकोशात सापडणार नाही. घड्याळ कानाशी धरून किंचित हलविले की आतील फिरत्या वजनाच्या आवाजाने तो कळतो.

श्रीमंती घड्याळांचे जगद्विख्यात उदाहरण म्हणजे रोलेक्स. तिच्या बहुसंख्य तबकड्यांवर 'ऑयस्टर परपेच्युअल' ही अक्षरे असतात, आणि अनभिज्ञ माणूस तेच नमुन्याचे नाव समजतो. खरे पाहता ते जातिनाम आहे. 'ऑयस्टर' ही १९२६ ची पाणी न शिरणारी पेटी, आणि 'परपेच्युअल' ही १९३१ ची आपोआप चावी घेणारी योजना. व्यक्तिनाम त्यापुढचे : १९४५ चे 'डेटजस्ट' केवळ तारीख दाखविते, तर १९५६ चे 'डे-डेट' तारखेबरोबर वाराचे नाव पूर्ण अक्षरांत देते. एवढा एक फरक दोहोंना वेगळे करण्यास पुरेसा आहे. परंतु एका नावाखालीही अनेक पिढ्या असल्यामुळे कारखान्याने प्रत्येक नमुन्याला क्रमांक दिला. जुन्या घड्याळांत तो पट्टा काढल्यावर पेटीच्या कडेला, पट्टा अडकविण्याच्या दोन शिंगांमध्ये दिसतो. नाव सर्वांना दिसेल असे आणि क्रमांक पट्टा सोडविणाऱ्यालाच दिसेल असा, ही व्यवस्थाच पुष्कळ काही सांगून जाते. नाव गिऱ्हाइकासाठी असते. क्रमांक घड्याळजीसाठी असतो.

५

यावरून पुराव्यांची प्रतवारी लावता येते. घड्याळाचे भाग किती सहज बदलता येतात हा त्या प्रतवारीचा निकष होय. पट्टा वर्ष-दोन वर्षांत बदलतो. त्याला पुरावा म्हणून काहीच किंमत नाही. काच व चावीची फिरकी झिजली की नवी बसविली जाते. काटे बदलतात. तबकडी डागाळली की पुन्हा रंगवून छापली जाते. पेटीचे झाकण क्वचित बदलते. घड्याळजी ज्याला 'मशीन' म्हणतो ते यंत्र बदलणे सर्वांत खर्चाचे, आणि म्हणून ते सर्वांत शेवटी बदलले जाते. पाहणाऱ्याची नजर मात्र नेमकी उलट क्रमाने जाते : आधी पट्टा, मग तबकडी, मग नाव, झाकण उघडण्याची वेळ बहुधा येतच नाही.

पोथीच्या अभ्यासकाला हा क्रम नवा वाटणार नाही. पोथीच्या बस्त्यावर कोणी नंतर लिहिलेले नाव पाहून तिचा काळ कोणी ठरवीत नाही. कागद, शाई, अक्षरांचे वळण, पुष्पिका आणि पाठ यांची एकमेकांशी संगती लावून तो ठरवावा लागतो. घड्याळातही असाच संगतीचा विचार करावयाचा. तबकडीवर 'ऑटोमॅटिक' असे छापले आहे आणि आत चावीचे यंत्र आहे. मिनिटांच्या रेघा काट्याच्या टोकाशी जुळत नाहीत. अक्षरांच्या कडा पसरल्या आहेत. पेटी झिजलेली असून तबकडी मात्र कोरी करकरीत आहे. अशी एकही विसंगती आढळली तर नावाची साक्ष बाजूला ठेवावी.

येथे 'रेडियम' या शब्दाचे उदाहरण देणे योग्य होईल. अंधारात चमकणाऱ्या घड्याळाला मराठीत 'रेडियमचे घड्याळ' म्हणतात. खरे रेडियम घड्याळांतून हद्दपार होऊन अनेक दशके लोटली. त्याची जागा प्रथम ट्रिटियमने व नंतर किरणोत्सर्ग नसलेल्या द्रव्यांनी घेतली. पदार्थ गेला, नाव राहिले. एखादे घड्याळ रेडियमचे आहे असे घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितले, तर त्यावरून ते अंधारात चमकत असे एवढेच सिद्ध होते. त्याचा काळ सिद्ध होत नाही.

६

या विवेचनात आज एक तातडीची बाजू आहे. एच. एम. टी.चा घड्याळांचा उद्योग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. फेवर-ल्यूबा हे नाव पुष्कळदा हस्तांतरित झाले. २०११ मध्ये ते टाटांच्या टायटन कंपनीने विकत घेतले होते आणि पुढे तेही दुसऱ्या हाती गेले. जुन्या नमुन्यांची मागणी मात्र देशात व परदेशांत वाढली आहे. तिला पुरे पडण्यासाठी जुनी यंत्रे गोळा करून त्यांवर नव्याने छापलेल्या रंगीबेरंगी तबकड्या बसविण्याचा धंदा फोफावला आहे. परदेशी संग्राहकांत अशा घड्याळांना मुंबईचेच नाव पडले आहे. एच. एम. टी.ने देवनागरी अंकांच्या तबकड्या खरोखरच काढल्या होत्या, आणि म्हणूनच त्यांची नक्कल अधिक होते. सैनिकी चिन्हे, रेल्वेची अक्षरे, कधीच अस्तित्वात नसलेली नावे हे सर्व आज तबकड्यांवर छापून मिळते.

वापरासाठी घड्याळ दुरुस्त करणे आणि तबकडी उजळणे यात काही गैर नाही. आपल्या वडिलांचे घड्याळ चालू राहावे म्हणून मुलाने त्याची डागाळलेली तबकडी रंगवून घेतली, तर तो त्या वस्तूच्या इतिहासाचाच एक भाग होय. परंतु कल्पित तबकडी खरी म्हणून विकली गेली आणि ती उद्या संग्रहालयाच्या कपाटात गेली, म्हणजे 'अमुक वर्षी अमुक पलटणीला अमुक घड्याळ दिले गेले' असे वाक्य इतिहासात शिरेल, आणि त्याचा आधार एवढाच असेल की कोणी तरी तशी अक्षरे छापली होती. बनावट ताम्रपटांचा अनुभव असलेल्या आपल्या विद्याशाखेला या संकटाचे गांभीर्य समजावून सांगण्याची गरज नाही.

यावर उपाय एकच, आणि तो संशोधकाच्या आवाक्यातला आहे. सीताबर्डी, इतवारी आणि विदर्भातील तालुक्यांच्या पेठांत अजून असे घड्याळजी आहेत की ज्यांनी आयुष्यभर या घड्याळांची झाकणे उघडली आहेत. कोणते नाव कोणत्या यंत्रावर येते, कोणती जोडणी मूळची आणि कोणती नंतरची, हे त्यांना पाठ आहे. ही विद्या पुस्तकात नाही. ती त्यांच्या हातात व त्यांच्या बोलीत आहे. तिची नोंद करताना तीन गोष्टी एकत्र टिपाव्यात : तबकडीवरील अक्षरे जशीच्या तशी, झाकणावरील व यंत्रावरील खुणा, आणि त्या भागांना घड्याळजी ज्या शब्दांनी संबोधतो ते शब्द. यांतील पहिल्या दोहोंचा उपयोग इतिहासाला होईल, तिसऱ्याचा भाषेच्या अभ्यासाला. एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने एका पेठेपुरते हे काम हाती घेतले तरी ते पुढील अभ्यासकांना पायाभूत ठरेल. नमुन्यांची ओळख हा शौकाचा विषय खराच. परंतु खरे-खोटे निवडण्याची शिस्त जेथे जेथे लागते, तेथे तेथे इतिहासाचे काम सुरू होते. हे काम घड्याळजींची ही पिढी कामावर आहे तोवरच करता येण्याजोगे आहे.